‘हद्द’, ‘अधिकारक्षेत्र’ आणि ‘अधिकारिता’

प्रश्न : माझ्या मावशींनी गिरगावातील आपला गाळा लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता. मुदत संपूनही तो रिकामा होईना, म्हणून वकिलांनी फोर्टमधल्या न्यायालयात दावा लावला. आता आदेशात ‘अधिकारितेअभावी वादपत्र परत’ असे शब्द आले आहेत. वर्तमानपत्रे ज्याला ‘अधिकारक्षेत्र’ म्हणतात तेच हे का? गाळा मुंबईत आणि न्यायालयही मुंबईतच. मग आपण क्षेत्राबाहेर गेलो ते कसे? मावशी तर दावा हरलो असे समजून बसल्या आहेत.

उत्तर : आधी मावशींना सांगा की त्या हरलेल्या नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ मध्ये नियम १० वादपत्र, म्हणजे दावा मांडणारा वादीचा लेखी अर्ज, ‘परत करण्या’चा आहे आणि नियम ११ ते ‘नामंजूर करण्या’चा. परत केलेले वादपत्र योग्य न्यायालयात नेऊन सादर करायचे असते. चुकीच्या ठिकाणी प्रामाणिकपणे आणि तत्परतेने दावा चालवण्यात गेलेला काळ, मुदत कायदा, १९६३ च्या कलम १४ प्रमाणे, दावा लावण्याच्या मुदतीच्या हिशेबातून वगळता येतो.

आता शब्दांकडे वळू. ‘अधिकारक्षेत्र’ रूढ आहे, पण त्यातले ‘क्षेत्र’ वाचकाला थेट नकाशावर नेते आणि तुमचा प्रश्नही तिथूनच उद्भवला आहे. नकाशापुरता नेमका शब्द मराठीत पूर्वीपासून आहे, तो म्हणजे ‘हद्द’. पोलीस ठाण्याची हद्द आपण रोज म्हणतो. न्यायालयाला मात्र हद्दीखेरीज आणखी दोन गोष्टी लागतात : दावा किती रकमेचा आहे आणि कशाबद्दल आहे. ‘अधिकारी’ या शब्दाला ‘ता’ लागून झालेली ‘अधिकारिता’ या तिन्ही गोष्टींना कवेत घेते, कारण तिच्यात जागा नाही, निवाडा करण्याची पात्रता आहे.

मुंबईत हे फार स्पष्ट दिसते. धोबीतलावचे लघुवाद न्यायालय, ज्याला सगळे ‘स्मॉल कॉज’ म्हणतात, आणि फोर्टचे नगर दिवाणी न्यायालय, दोन्ही याच शहराची. तरीही मालक-भाडेकरूंचे आणि लायसन्स देणाऱ्या-घेणाऱ्यांचे जागेच्या ताब्याचे दावे मुख्यतः लघुवाद न्यायालयाकडे जातात. १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायद्याचे कलम ४१ आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ३३ ही त्यामागची कारणे, आणि मावशींचे प्रकरण कलम ४१ मध्ये बसते. येथे ‘लघु’ हा शब्दही फसवा आहे, कारण या दाव्यांना रकमेची मर्यादा नाही. कोट्यवधींचा गाळा असला तरी त्याच्या ताब्याचा दावा तिथेच. नगर दिवाणी न्यायालयाला मात्र रकमेची मर्यादा आहे, आणि ती अलीकडेच १ कोटीवरून १० कोटी रुपये झाली.

दुसऱ्या वाचकाची शंका : मग ‘हद्द’ आणि ‘अधिकारिता’ वेगळे ठेवण्याचा आग्रह का? एकच शब्द सोपा नाही का?

उत्तर : कायदाच या दोघांना वेगळे वागवतो, म्हणून. दावा चुकीच्या हद्दीत लावला गेला असेल तर प्रतिवादीने तो आक्षेप अगदी सुरुवातीला, वादमुद्दे (न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न) काढण्यापूर्वी घ्यावा लागतो; संहितेच्या कलम २१ प्रमाणे तो एरवी वरच्या न्यायालयात ऐकला जात नाही. विषयाची अधिकारिताच नसेल तर दोन्ही पक्ष राजी असले तरी ती निर्माण होत नाही, आणि तो मुद्दा अपिलातही काढता येतो. पहिल्या चुकीत निकाल टिकू शकतो, दुसरीत तो मुळातच निरर्थक ठरतो. एवढा फरक एका ‘अधिकारक्षेत्रा’त कोंबला की पक्षकाराला आपले काय झाले तेच कळत नाही.

याच ओघात आणखी एका शब्दाबद्दल. संविधान जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांना ‘दुय्यम न्यायालये’ म्हणते, आणि ते प्रशासकीय रचनेपुरते ठीक आहे. परंतु दावा ऐकणाऱ्या, साक्षी नोंदवणाऱ्या न्यायालयाला ‘खालचे कोर्ट’ म्हणणे मला खटकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या निबंधक कार्यालयाला तसा उल्लेख टाळण्यास सांगितले. मावशींचा साक्षीपुरावा जे न्यायालय प्रत्यक्ष ऐकणार आहे, त्याला ‘विचारण न्यायालय’ किंवा साधेपणाने ‘दावा चालवणारे न्यायालय’ म्हणावे.