ॲपनं पोरांची उंची वाढते का? (चर्चा)

धंतोलीकर : पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीचं सरकारी ॲप 2021 पासून आहे. उंची-वजन टाकलं की मूल खुजं, म्हणजे वयाच्या मानानं बुटकं, आहे का ते तिथल्या तिथे कळतं. आता प्रत्येक आईच्या फोनवर आहाराचं ॲप द्या, खुजेपणा आटोक्यात आलाच समजा. अंगणवाडी सेविका उगाच कुरकुर करून राहिल्या.

उंचीमापक : 'उगाच' म्हणण्याआधी एकदा लांबी घेऊन दाखवा भाऊ. दोन वर्षांखालचं मूल झोपवूनच मोजायचं, त्याला दोन माणसं लागतात. एकीनं डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे दाबून सरकती फळी तळव्यांना भिडवायची. क्लिपा, मोजे आधी काढायचे. पोर रडतं, पाय आखडतं, मदतनीस खिचडीपाशी. मग एकटी सेविका अंदाजानं आकडा टाकते आणि ॲप त्या अंदाजाचा झकास आलेख काढून देतं.

धंतोलीकर : अर्धा सेंमी इकडेतिकडे झाल्यानं काय बिघडते? कल तर दिसतो ना!

उंचीमापक : झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी 0.7 सेंमी जास्त भरते. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची उभ्यानं खुजेपणाची रेषा 79.3 सेंमी, त्याखाली खुजी. झोपवून 79.8 आली आणि 'उभी' म्हणून नोंदली, तर पोरगी पास. खरी उभी उंची 79.1, म्हणजे खुजी. जन्मतारीख महिनाभर चुकली तर आणखी सेंमीभराचा घोळ, कारण या वयात महिन्याला साधारण तेवढीच वाढ होते. कसला कल घेऊन बसलात?

टीएचआर_हिंगणा : उंचीचं राहू द्या. टीएचआरसाठी (घरी न्यायचं आहाराचं पाकीट) ॲपमध्ये आईचा चेहरा जुळवायची सक्ती केली त्याचं काय? आई कापूस वेचायला, पाकीट न्यायला आली आजी. ओटीपी गेला बंद पडलेल्या नंबरवर. रेंज नाही. शिव्या मात्र सेविकेला.

हिशोबी : पाकिटं परस्पर गायब होतात तेव्हा कोणी बोलत नाही. चेहरा नको तर दुसरा उपाय सांगा, नुसती रड नको.

टीएचआर_हिंगणा : पाकीट आईच्याच हातात पडलं तरी घरात सगळ्यांत वाटून संपते, साहेब. ते दिसते का तुमच्या कॅमेऱ्याला?

हिशोबी : म्हणून चोरी चालू द्यायची? वा!

वरणभात : तुमचं भांडण दुसरीकडे न्या. धंतोलीकर चुकून एक बरोबर बोलले: आहार. सहा महिन्यांनंतरही बाळाला वरणाचं पाणीच पाजतात. पोट भरते, ऊर्जा नाही. वरण-भात कुस्करून, चमचा तिरपा केला तरी ओघळणार नाही इतका घट्ट, वर थोडं तेल, अधूनमधून अंडं. 6 ते 8 महिन्यांत दिवसाला दोन-तीनदा, पुढे तीन-चारदा. हा घट्टपणा व्हिडिओत दिसतो, लिहून कळत नाही. फक्त फोन नवऱ्याचा, आणि तो त्याच्यासोबत एमआयडीसीच्या पाळीला.

धंतोलीकर : मग संडास-पाणी आधी करा, आहार मागाहून.

वरणभात : बांगलादेश आणि केनियातल्या चाचण्यांचे निकाल 2018 मध्ये आले. नुसत्या संडास-पाण्या-हात धुण्यानं उंचीत फरक पडला नाही. आहाराच्या गटात पडला, तोही थोडाच. संडास हवेच, पण उंचीच्या नावानं खपवू नका.

धंतोलीकर : बरं बाई, ॲप वाईट, फळी चांगली. खूश?

उंचीमापक : ॲप ठेवा, पण उंचीचे रकाने दोन द्या. दोघींनी वेगवेगळं मोजायचं, 7 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर दोघींनी परत. डब्ल्यूएचओच्या 2006 च्या मुलांच्या वाढीच्या मानकांसाठी असंच मोजलं होतं. एवढं करा, जाहिरात मीच करते.