नोटाबद्दल एक राहून गेलं

‘नोटा (मतयंत्रावरचं ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण) दाबून काय होतं, त्यापेक्षा घरी झोपलेलं बरं’ असं काही जण म्हणतात. लोकसभेपुरतं ठीक. पण आपल्याकडे महाराष्ट्रात महापालिका-नगरपालिकांसाठी राज्य निवडणूक आयोगाचा नोव्हेंबर २०१८चा आदेश आहे: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा. (दुसऱ्यांदाही तसंच झालं तर मात्र उमेदवारांत जो पुढे तो निवडून येतो. म्हणजे दात आहेत, पण दुधाचे.)

वैताग मलाही आहेच. २०१७ला पुण्यात महापालिकेला चार-चारचा प्रभाग, म्हणजे एका प्रभागातून चार नगरसेवक आणि प्रत्येकाने चार बटणं दाबायची. माझ्या पुढच्या आजी एकच बटण दाबून निघाल्या. बीप काही वाजेना. अधिकारी म्हणाले, ‘आजी, अजून तीन.’ तर म्हणतात, ‘अरे, मी एकालाच ओळखते!’ पुढे मार्च २०२२पासून तर नगरसेवकच नव्हते, सगळा प्रशासकाचा कारभार. आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या ड्रेनेजला फरक शून्य.