दीर्घ खंडानंतर रुग्णसेवेत परतलेल्या सहकाऱ्याला आधार कसा द्यावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी एका रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज परिचारिका आहे. वडिलांच्या आजारपणामुळे २०१४ साली नोकरी सोडलेल्या एक ज्येष्ठ सहकारी तीन आठवड्यांपूर्वी माझ्या वॉर्डमध्ये पुन्हा रुजू झाल्या आहेत. एके काळी शिरेत सुई घालायला मला त्यांनीच शिकवले होते, त्यामुळे हा प्रश्न विचारतानाही मला अवघडल्यासारखे होत आहे.

त्यांचे ज्ञान कमी पडते असे मुळीच नाही. परवा एका रुग्णाला ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचे होते. त्या नव्या इन्फ्युजन पंपासमोर (सलाइन ठरावीक वेगाने सोडणारे यंत्र) बराच वेळ उभ्या राहिल्या, मग खिशातल्या चिठ्ठीवर जुन्या पद्धतीने, एका मिलिलिटरला २० थेंब धरून, मिनिटाला ४२ थेंब असा हिशेब मांडला, त्यावरून ताशी १२५ मिलिलिटर हा आकडा पडताळून पाहिला आणि तो पंपात कसा भरायचा हे शेजारून जाणाऱ्या शिकाऊ मुलीला हळूच विचारले. आकडा अचूक होता. मला बोचले ते एवढेच, की मी चार पावलांवर उभी असताना त्यांनी मला हाक मारली नाही. कारणही उघड आहे : त्यांच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर सही माझी असते.

सीपीआरच्या (हृदय बंद पडल्यावर द्यायच्या तातडीच्या उपचाराच्या) सरावातही तसेच झाले. छातीवर दाब देण्याचा वेग त्या शिकल्या तेव्हा ‘मिनिटाला किमान १००’ असा सांगितला जाई. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला १२० ची वरची मर्यादा घातली. जुन्या सवयीने त्या भरभर दाब देत राहिल्या आणि प्रशिक्षकाने सर्वांसमोर थांबवल्यावर दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत.

सध्या त्या अतिरिक्त म्हणून, म्हणजे पाळीच्या ठरलेल्या संख्येत न धरता, ड्युटीवर आहेत, परंतु महिनाअखेरीस त्यांना रात्रपाळीत घालावे असा वरून आग्रह आहे. ‘बर्नआउट (कामाच्या ताणाने येणारा थकवा) असेल’ असे म्हणून वरिष्ठांनी समुपदेशनाचे एक सत्र सुचवले आणि विषय संपवला. मला ते पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातील बर्नआउटची व्याख्या कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचत गेलेल्या ताणाविषयी आहे. येथे तर काम नुकतेच सुरू झाले आहे.

आधार देणारी आणि मूल्यमापन करणारी व्यक्ती वेगळी ठेवल्याने खरोखर फरक पडतो का? रात्रपाळी केव्हा द्यावी, हे कशावरून ठरवावे? आणि वडिलांना होता तोच आजार असलेल्या रुग्णाच्या खाटेपाशी त्या गप्प होतात, त्याविषयी मी बोलावे की बोलू नये?

प्रतिसाद :

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे आणि पाच वर्षांच्या खंडानंतर परतलो, तेव्हा मीही प्रश्न विचारायला असाच कोपरा शोधत असे. फरक नक्की पडतो. त्यांच्याच अनुभवाची, फॉर्मशी संबंध नसलेली एखादी सहकारी सोबत द्या. मात्र रुग्णाच्या सुरक्षिततेची बाब असेल तर ती झाकून ठेवता येणार नाही, हे दोघींनाही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. पंप रिकामा असताना, रुग्ण समोर नसताना, त्यांना तासभर एकटीने हाताळू द्या. मला सर्वाधिक धीर अशा सरावानेच आला.

रात्रपाळी तारखेवरून ठरवू नये. कोणती कामे त्यांनी स्वतःच्या हाताने, कोणी शेजारी उभे असताना केली आहेत ते पाहा, पहिल्या काही रात्री दुसरी व्यक्ती जोडीला ठेवा आणि रात्री दोन वाजता अडले तर फोन कोणाला करायचा, त्याचे नाव आधीच ठरवून द्या. खाटेविषयी एकदाच आणि एकांतात विचारा : “हा रुग्ण आज दुसऱ्या कोणाला देऊ का?” निर्णय त्यांचा असू द्या. समुपदेशन हवे असल्यास ते ड्युटीच्या वेळेत मिळावे, सक्ती नसावी.

धागाकर्ती :

मनःपूर्वक आभार. मूल्यमापन दुसऱ्या वॉर्डच्या इन्चार्जकडे सोपवावे, अशी विनंती मी आजच लिहून दिली. खाटेविषयी दुपारची ओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणे) झाल्यावर विचारले. त्यांनी तोच रुग्ण स्वतःकडे ठेवला. अडचण एकच उरली आहे. आपल्यामुळे इतरांवर भार पडतो असे वाटून त्या अतिरिक्त ड्युटीची मुदत वाढवून घ्यायला तयार नाहीत. रोस्टरमध्ये ही जोडी कोणी कशी मांडली आहे, ते कृपया सांगावे.