मदत हवी आहे: एकेका पेशीचे वळण समूहात कसे उतरते?

सांगलीतील महाविद्यालयात बी.एस्सी.ला शिकवताना एका मुद्द्यावर अडलो आहे. गोल चकतीवर चिकटलेल्या एकट्या पेशीतील ॲक्टिनचे (पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या प्रथिनाचे) तंतू घड्याळाच्या उलट दिशेने भोवऱ्यासारखे फिरतात आणि अल्फा-ॲक्टिनिन-१ हे तंतूंना एकमेकांशी जोडणारे प्रथिन वाढवल्यास ती दिशा बदलते, हे २०१५ मधील निरीक्षण मुलांना पटते. परंतु पुठ्ठ्याच्या दोन चकत्या टाचण्यांवर शेजारी बसवून एकाच दिशेने फिरवल्या, तर कडा एकमेकींना घासून दोन्ही अडतात. मग पेशींचा समूह एका बाजूला कसा वळतो? आतले वळण परस्परांना खोडते आणि केवळ काठावरचा प्रवाह उरतो, असा माझा तर्क आहे. पेशीसंवर्धनाची सोय आमच्याकडे नाही, त्यामुळे संगणकावरील साधे प्रारूपच शक्य आहे. त्यात शेजारच्या पेशींची परस्परांवरील पकड आणि पृष्ठभागाशी होणारे घर्षण यांपैकी आधी काय धरावे?