मदत हवी आहे: 69 वर्षांच्या आईला इतिहासात बीए करायचंय

नमस्कार मंडळी, इथे कायम नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ. थोडं लांबलंय, सॉरी.

आई कराडला एकटी असते, मी ठाण्यात. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. सुरुवातीला खूप रडायची ते समजू शकत होते, पण नंतर बोलणंच बंद झालं त्याची मला जास्त भीती वाटली. फोन केला की जेवलीस का हो, गोळी घेतलीस का हो, संपलं. शेजारच्या काकू म्हणाल्या बाराला दार लावून पडते ती दिवेलागणीलाच उठते. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट करून घेतल्या, शुगर बीपी ठीक, म्हणाले मन कशात तरी रमवा. मग हास्यक्लब झाला, भजनी मंडळ झालं, अष्टविनायक झालं, सगळीकडे दोनदा गेली आणि बंद.

मे महिन्यात माझ्याकडे आली तेव्हा मुलीचं दहावीचं इतिहासाचं पुस्तक तिच्या हाती लागलं. पहिलाच धडा इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेचा. दुपारभर वाचत बसली आणि मला म्हणाली, "इतिहास लिहितात कसा हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं, आम्ही नुसत्या सनावळ्या पाठ केल्या." जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे नोट्स काढायला लागली, नातीशी वाद घालायला लागली, त्या आठवड्यात झोपेची गोळी एकदाही मागितली नाही. निघताना म्हणाली मला बीए करायचंय, पेपर द्यायचेत, नापास झाले तर परत बसेन.

आई 1973 ची जुनी अकरावी मॅट्रिक. दुष्काळाचं वर्ष, आजोबा कॉलेजला नाही म्हणाले, पुढच्या वर्षी लग्न. हे तिने आम्हाला कधी बोलूनच दाखवलं नव्हतं.

एका ठिकाणी चौकशीला गेलो तर काउंटरवरच्या माणसाने तिच्याकडे न बघता मला विचारलं, "आजींना आता डिग्री कशाला?" घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला अजून त्याचा राग आहे.

मुरबाडजवळच्या फांगणे गावातल्या आजीबाईंच्या शाळेबद्दल तिला सांगितलं, 8 मार्च 2016 ला सुरू झाली, साठी ते नव्वदीतल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसतात. खूश झाली पण म्हणाली, मला अक्षरं येतात गं, मला पुढचं हवंय. नणंद इंग्लंडला असते, तिच्या सासूबाई युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एजच्या ग्रुपला जातात, मूळ कल्पना फ्रान्समधली, 1973 ची (आईच्या मॅट्रिकचंच वर्ष!), इंग्लंडमध्ये निवृत्त माणसंच एकमेकांना शिकवतात, परीक्षा नाही डिग्री नाही. मला ते फार आवडलं, पण आईला परीक्षाच हवीये आणि मला वाटतं तिचं बरोबर आहे. आयुष्यभर तिने केलेल्या कामाला कुणी मार्क दिलेले नाहीत.

म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा विचार चालू आहे, मराठीतून शिकता येतं, पुस्तकं घरी वाचायची आणि अभ्यासकेंद्रावर अधूनमधून जायचं. ज्यांनी स्वतः किंवा आईवडिलांसाठी केलंय त्यांनी प्लीज सांगा, जुन्या अकरावीवर थेट बीएला घेतात का आधी काही करावं लागतं? मॅट्रिकचं सर्टिफिकेट आहे पण कडा फाटल्यात आणि त्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्याला अॅफिडेव्हिट चालतं की राजपत्र लागतं? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यामुळे वाचायला अडचण नाही पण अर्धा तास लिहिलं की बोटं आखडतात, तीन तासांचा पेपर कसा लिहायचा? या वयात लेखनिक मिळतो का, आणि सवय करायची तर रोज किती लिहायला लावू?

आणि कराड-साताऱ्याकडे साठीच्या पुढे शिकणारं कुणी असेल तर कळवा. फोनवर का होईना, अभ्यासाचं बोलायला तिच्या वयाचं माणूस मिळालं तर फार बरं होईल. वह्या तिने आणून ठेवल्यात, रोज विचारते फॉर्म कधी निघतायत.