काळ्या कुत्र्याचं सॉफ्ट पेस्टल पोर्ट्रेट: कागद कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी ठाण्यात, पाचपाखाडीला राहते. मावसबहिणीच्या लॅब्रॅडॉरचं, म्हणजे बंड्याचं, चित्र सॉफ्ट पेस्टलमध्ये काढतेय. बंड्या काळाकुळकुळीत, फक्त वयामुळे तोंडापाशी पांढरा झालाय. कागद कॅन्सनचा मी-टाइंट्स, १६० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाचा).

काळ्यावर करडा, त्यावर पांढरा, असे दोन-तीन थर नीट बसतात. पुढे कागद काही घेतच नाही, खडू नुसता घसरतो. हनुवटीवरचे पांढरे केस ओढायला जावं तर पांढरा खालच्या काळ्यात मिसळून राखाडी होतो. आणि नाकावर, जिथे ओली चकाकी हवी, नेमकी तिथेच कागदाची जाळी उठून दिसते.

पेस्टलमॅट घ्यावा की सँडेड, म्हणजे रेतीसारखा खरखरीत लेप असलेला कागद? दोन्ही महाग, त्यामुळे दोन्ही आणून बघणं परवडणार नाही. एकाने हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर सुचवलाय, तो चालेल का? कृपया 'ऑइल पेस्टल वापरा' असं सांगू नका. त्याचा डबा घरात पडून आहे आणि तो पोरांच्याच हातात बरा.

खडूधूळ: ताई, आधी हातातला कागद उलटा करून बघा. मी-टाइंट्सची एक बाजू जाळीची आणि दुसरी बरीच बारीक पोताची असते. प्राण्यांसाठी बारीक बाजूच घ्यायची. नाकाचा प्रश्न तिथेच निम्मा सुटेल. थर मात्र तेवढेच बसतील, त्याला इलाज नाही.

मी असते तर पेस्टलमॅट घेतला असता. ३६० जीएसएमचा जाड कागद, त्यावर बारीक तंतूंचा लेप असतो. हाताला मऊ लागतो, पण खडू धरून ठेवतो, त्यामुळे गडदावर फिका रंग स्वच्छ उठतो. खोडायला तेवढा सोपा नाही. रेखाटन वेगळ्या कागदावर करून मग उतरवून घ्या. रंग गडद करडा निवडा, पांढऱ्या कागदावर काळा कुत्रा काढणं म्हणजे नुसती हमाली.

रेतीकागद: सँडेडमध्ये यूआर्ट कंपनीच्या कागदाला नंबर असतात, नंबर जितका मोठा तितका पोत बारीक. केसांसाठी ६०० किंवा ८०० बघा. थर भरपूर बसतात, पण बोटाने मिसळायची सवय असेल तर बोटाची सालं निघतील.

पॉलिश पेपर सरावापुरता ठीक. तो चित्र टिकावं म्हणून बनवलेला नसतो, भेट द्यायच्या चित्राला नकोच. खरा उपयोग पेस्टल पेन्सिलीला टोक काढायला. ब्लेडने लाकूड सोला, शिसं पॉलिश पेपरवर फिरवा. शार्पनरमध्ये ते तुटतं.

आणखी एक. काळ्या फरसाठी थेट काळा लावू नका. आधी गडद निळा, जांभळा, तपकिरी. काळा फक्त खोल सावलीत. उजेडातल्या फरवर निळसर करडा. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने रेघ ओढा. हनुवटीचे पांढरे केस अगदी शेवटी, टोकदार पेन्सिलीने, एका ओढीत. पुन्हा गिरवलं की राखाडी झालंच समजा.

मूळ धागाकर्ती: कागद उलटून पाहिला, फरक खरंच आहे! पेस्टलमॅटच मागवते. आता फिक्सेटिव्हचं, म्हणजे खडूचा रंग पक्का करायच्या फवाऱ्याचं सांगा. मारू की नको? पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल येते, म्हणून विचारतेय.

खडूधूळ: शेवटच्या थरावर नको, पांढरा मंदावतो. बंड्याची सगळी गंमत त्या पांढऱ्यातच आहे. बुरशी लागते ती ओलीने, ती फिक्सेटिव्हने थांबत नाही. फ्रेमवाल्याला बजावून सांगा की काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट हवी. नाहीतर ते सरळ काचेवर दाबून देतात आणि अर्धा रंग काचेला जातो. तोवर वर ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद ठेवून सपाट ठेवा, आणि ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. उडालेली भुकटी फुंकू नका, बोर्ड तिरका धरून मागून टिचकी मारा.