कंडिशनल फॉरमॅटिंगने कधी तोंडावर पाडलंय का? (अनुभव धागा)

नाइलाजाने खजिनदार

आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आणि खजिनदार मी, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो. मेंटेनन्सचा तक्ता एक्सेलमध्ये घातला. डी रकान्यातली देय तारीख आजच्यापेक्षा मागची असेल तर अख्खी ओळ लाल, असा कंडिशनल फॉरमॅटिंगचा (अट जुळली की चौकोनाला आपोआप रंग) नियम लावला आणि रंगीत प्रिंट नोटीस बोर्डावर डकवली.

संध्याकाळी ३०२चे काका दारात. त्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले, म्हणून मी त्यांची तारीख रिकामी ठेवलेली. पण रिकामा चौकोन म्हणजे एक्सेलच्या लेखी शून्य, आणि तिथे तारखांची मोजणी १ जानेवारी १९०० पासून. म्हणजे काकांची थकबाकी इमारतीच्या आधीपासूनची! दोन आठवडे लिफ्टमध्ये बोलले नाहीत. आता सूत्रात 'अँड' घालून 'डी रिकामा नसेल तरच' ही अट टाकलीय.

तुमचेही किस्से येऊ द्या. धडे नकोत, फसलात कुठे ते लिहा.

गणिताच्या बाई

दहावीचे गुण. ३५च्या खाली लाल, ७५ आणि वर हिरवं, दोनच नियम. गैरहजर मुलापुढे 'गै' लिहायची माझी जुनी सवय. तक्ता पूर्ण झाला नि बघते तर पेपरलाच न आलेली तीन पोरं हिरवीगार! एक्सेलमध्ये आकड्याशी तुलना झाली की अक्षर कायम मोठंच ठरतं. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "बाई, विशेष प्रावीण्य द्यायचं का यांना?"

आता सगळ्यात वरचा नियम 'गै'चा, करड्या रंगाचा, आणि त्याच्यापुढे 'स्टॉप इफ ट्रू'ची टिक, म्हणजे हा लागू झाला की खालचे नियम बघायचेच नाहीत.

मेडिकलवाला

बाई, तुमचा 'गै' आमच्याकडे तारखेच्या वेशात आला होता.

एक्सपायरीला ९० दिवस राहिले की ओळ पिवळी, असा नियम होता. पाकिटावर महिना-वर्षच असतं, म्हणून मी महिनाअखेर टाकायचो, ३१/०८, ३०/०९ असं. कॉम्प्युटरची सेटिंग मात्र अमेरिकन, आधी महिना. एकतिसावा महिना कुठून आणणार? त्याने गुपचूप सगळ्या तारखा अक्षरं म्हणून ठेवल्या. तीन महिने एकही ओळ पिवळी झाली नाही आणि मी खूश, माल काय फिरतोय! कफ सिरपचा एक खोका उघडला तेव्हा समजलं. परत पाठवायची मुदतही उलटून गेलेली.

खूण डोळ्यांसमोर होती. खरी तारीख चौकोनात उजवीकडे चिकटते, माझ्या सगळ्या डावीकडे होत्या.

दूधवाला दादा

आमच्या गावात संकलन केंद्र आहे. गाईच्या दुधाला फॅट ३.५च्या खाली लागली की दर कापतात, म्हणून रकान्याला दोन रंगांची कलर स्केल दिली: कमी फॅट लाल, जास्त पांढरी, टोकं ती रकान्यातल्या सगळ्यात लहान-मोठ्या आकड्यावरून स्वतःच धरते. एका सकाळी सगळा रकाना लालभडक. म्हटलं, अख्खं गाव पाणी घालायला लागलं की काय! पोराने ३.८च्या जागी ३८ मारलेलं. ती एक म्हैस, म्हणजे गायच, पांढरी आणि बाकी सगळे लाल. आता दोन्ही टोकं आपल्या हाताने बांधलीत, ३ आणि ५.

सगळंच तपकिरी

मला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. ऑफिसच्या रोजच्या तक्त्यात मी चौकोनावर क्लिक करून आकडा वाचत बसायचो आणि लोकांना वाटायचं, किती बारकाईने बघतो हा. परवा एकीने रंगांऐवजी बाणांचे आयकॉन लावले. तिला चहा पाजला.

एमआयएसवाली

नियम चुकणं परवडलं, नियमांना पिल्लं होणं फार वाईट. कॉपी-पेस्ट केलं की चौकोनाबरोबर त्याचा नियमही येतो. वर्षभर आमच्या चार जणांनी एकाच फाइलमध्ये असं केलं. फाइल उघडायला लागली की मी डबा गरम करून यायचे. 'मॅनेज रूल्स'मध्ये, म्हणजे नियमांच्या यादीत, पाहिलं तर एकाच नियमाचे शेकडो तुकडे, कुणाचा आवाका तीन ओळी, कुणाचा एकच चौकोन. सगळे पुसले, एकच नव्याने लावला. आता टीमला दम दिलाय: पेस्ट करायचं तर पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज, म्हणजे नुसता मजकूर येतो, नियम नाही.

दादा, गाय-म्हशीवर हसून हसून ठसका लागला.

नाइलाजाने खजिनदार

ताई, तुमचं वाचून आत्ता 'मॅनेज रूल्स' उघडलं. फ्लॅट ४८, नियम ६१. बसतो पुसत.